वाचताना येतं, पेपरात येत नाही : बारावीच्या केमिस्ट्रीचं नेहमीचं दुखणं

प्रिलिमचे पेपर वाटून झाले की दर वर्षी कुणीतरी वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळतं. यंदा एक मुलगी थांबली. सत्तरपैकी एकतीस. तिची वही मी आधी पाहिलेली होती. तीन रंगांचे हायलाइटर, प्रत्येक नेम रिअॅक्शनला (शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखली जाणारी अभिक्रिया) चौकट, अक्षर मोत्यासारखं. "मॅडम, सगळं तीन-तीनदा वाचलंय. घरी वाचताना येतं. पेपर हातात आला की पाटी कोरी."

मी तिला म्हटलं, "वही मीट आणि इथेनॉलपासून इथीन कसं करतात ते लिहून दाखव." तिनं भराभर इथेनॉल लिहिलं, बाण काढला, बाणावर कॉन्संट्रेटेड सल्फ्युरिक अॅसिड लिहिलं, आणि तापमानापाशी पेन अडलं. ४१३ केल्व्हिन की ४४३? वही उघडी असती तर नजर पडताक्षणी ती म्हणाली असती, "हो हो, ४४३, माहितीये मला." वही मिटल्यावर दोन्ही आकडे सारखेच ओळखीचे वाटत होते.

सोळा वर्षं मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते आणि ही तक्रार चुकलेलं एकही वर्ष मला आठवत नाही. मूल आळशी नसतं, मठ्ठ तर मुळीच नसतं. बहुतेक वेळा वर्गातलं सगळ्यात कष्टाळू मूलच ही तक्रार घेऊन येतं, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. आईवडील सांगतात, "रात्री बारापर्यंत बसते हो." बसते, हे खरंच आहे. प्रश्न त्या वेळात ती काय करते हा आहे. ती वाचते. परीक्षेत मात्र तिला कुणी वाचायला सांगत नाही, लिहायला सांगतात. जे काम परीक्षेच्या दिवशी करायचं त्याचा घरी एकदाही सराव झालेला नसतो.

आधी उत्तरपत्रिका, मग अभ्यास

गुण कमी पडले की मुलं पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात करतात. सॉलिड स्टेट पाचव्यांदा वाचून होतं आणि अमाइन्सपर्यंत गाडी कधी पोचतच नाही. तसं करू नका. डॉक्टर तपासल्याशिवाय औषध देत नाहीत, तसं आधी तुमची चाचणीची किंवा प्रिलिमची उत्तरपत्रिका समोर घ्या. शेवटचे दोन-तीन पेपर असतील तर आणखी बरं. जिथे जिथे गुण गेले तिथे समासात पेन्सिलीनं एक अक्षर लिहा. आठवलंच नाही तिथे "आ". मुळात समजलंच नव्हतं तिथे "स". आकडेमोडीत किंवा एककात घोटाळा झाला तिथे "ग". प्रश्न नीट वाचला नाही तिथे "प्र". वेळ संपला तिथे "वे". मग प्रत्येक अक्षराखाली किती गुण गेले त्याची बेरीज करा.

त्या मुलीचे एकोणचाळीस गुण गेले होते. आ एकोणीस, ग आठ, वे सहा, प्र चार, स फक्त दोन. ती मला सांगत होती, "माझं ऑरगॅनिक कच्चं आहे." प्रत्यक्षात तिला ऑरगॅनिक समजलेलं होतं. डोक्यात असलेलं कागदावर येत नव्हतं, आणि त्याच्या खालोखाल आठ गुण लॉग टेबल आणि एककांनी खाल्ले होते. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. तुमची बेरीज वेगळी येईल. ज्या अक्षराखाली आकडा मोठा, त्याच्याबद्दल खाली लिहिलंय ते आधी वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

"आ" जास्त असतील तर

हे दुखणं सगळ्यात जास्त दिसतं, म्हणून इथे जरा थांबते.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. सगळ्यांना एकेक छोटा उतारा वाचायला दिला. मग काहींना तोच उतारा पुन्हा वाचायला सांगितला आणि काहींना न बघता आठवेल तेवढं लिहून काढायला सांगितलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. यातला पहिला निकालच मुलांना फसवतो. वाचून पाच मिनिटांनी खरंच सगळं येत असतं, म्हणून पुस्तक मिटून "झालं" म्हणायची घाई होते. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो, फेब्रुवारीत असतो.

मग करायचं काय? धडा एकदा नीट वाचा, समजून घ्या, पुस्तक मिटा आणि कोरा कागद घ्या. घरातल्या जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजूही चालते. आठवेल ते सगळं लिहा. अडलात तर लगेच पुस्तक उघडू नका, दोन मिनिटं तसेच बसा. ती दोन मिनिटं फार अवघड जातात, पण नेमकं त्याच वेळी डोकं काम करत असतं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भरा. तो लाल भाग म्हणजे तुमचा उद्याचा अभ्यास. काळ्या पेनानं जे आलं ते रोज रोज वाचायची गरज नाही.

त्या मुलीला मी इथेनॉलच दिलं होतं. कागदाच्या मधोमध इथेनॉल लिहायचं आणि त्यातून निघणारे सगळे बाण काढायचे. पहिल्या दिवशी चारच बाण निघाले. दुसऱ्या दिवशी सात. चौथ्या दिवशी तिचा कागद असा दिसत होता : ४४३ केल्व्हिनला कॉन्संट्रेटेड सल्फ्युरिक अॅसिडबरोबर इथीन, ४१३ ला डायएथिल ईथर, पीसीसीनं (पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट, सौम्य ऑक्सिडीकारक) इथेनॅल, आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेटनं थेट इथेनॉइक अॅसिड, सोडियमबरोबर सोडियम एथॉक्साइड आणि हायड्रोजन, थायोनिल क्लोराइडनं क्लोरोइथेन, अॅसेटिक अॅसिडबरोबर एस्टर, हायड्रोजन ब्रोमाइडनं ब्रोमोइथेन. मग ब्रोमोइथेनला दुसरं केंद्र करून पुढचे बाण : पोटॅशियम सायनाइडनं प्रोपेननायट्राइल, अल्कोहोलिक अमोनियानं एथिलअमाइन, कोरड्या ईथरमध्ये सोडियम घालून ब्यूटेन, मॅग्नेशियम घालून ग्रिग्नार्ड रिएजंट. चार धडे एका कागदावर आले. "अमुकपासून तमुक तयार करा" या प्रश्नात बोर्ड हाच कागद विचारतं. या बाणावरून त्या बाणावर जायची वाट कोणती, एवढंच.

बाण काढताना प्रत्येक ठिकाणी एक कारण हातात ठेवा, नाहीतर तेही पाठांतर होऊन बसतं. ४१३ आणि ४४३ च्या गोंधळाला माझ्या वर्गात आम्ही म्हणतो, "जास्त तापवलं की पाणी रेणूच्या आतून जातं." कमी तापमानाला दोन रेणू मिळून एक पाणी सोडतात आणि ईथर होतं. जास्त तापमानाला एकाच रेणूतून पाणी निघतं आणि दुहेरी बंध उरतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइड अॅक्वस की अल्कोहोलिक, हाही दर वर्षीचा घोळ. पाण्यातला असेल तर ओएच येऊन ब्रोमीनच्या जागेवर बसतो आणि अल्कोहोल मिळतं. अल्कोहोलमधला असेल तर हायड्रोजन आणि ब्रोमीन दोघंही बाहेर पडतात आणि अल्कीन मिळतं.

कार्बन मोजायची सवय लावलीत तर अर्धं ऑरगॅनिक आपोआप सुटतं. सायनाइड आला की साखळीत एक कार्बन वाढतो. हॉफमन ब्रोमामाइड अभिक्रियेत, म्हणजे अमाइडपासून अमाइन करताना, एक कार्बन कमी होतो. "कमी होतो" हे पाठ करण्यापेक्षा समीकरण पूर्ण लिहा. उजव्या बाजूला पोटॅशियम कार्बोनेट दिसतं ना, हरवलेला कार्बन तिथे बसलाय. एकदा तो तिथे दिसला की विसरत नाही. आल्डॉल आणि कॅनिझारो या आल्डिहाइडच्या दोन अभिक्रियांचंही तसंच. आल्डिहाइडला अल्फा हायड्रोजन (आल्डिहाइड गटाच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन) आहे का, एवढंच बघायचं. अॅसेटाल्डिहाइडला आहे, म्हणून आल्डॉल. फॉर्माल्डिहाइड आणि बेंझाल्डिहाइडला नाही, म्हणून कॅनिझारो.

कागद एकदा भरून भागत नाही. आज लिहिलेला विषय परवा कोऱ्या कागदावर, मग आठवड्यानं, मग पंधरा-वीस दिवसांनी. दर वेळी पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, म्हणून हे वाटतं तितकं अवघड जात नाही. मी मुलांना कॅलेंडरच्या चौकटीत धड्याचा नंबर लिहायला लावते. धडे सोळाच आहेत, चौकटीत मावतात.

मोबाइलवरच्या व्हिडिओंबद्दल इथेच लिहून टाकते. ते वाईट नसतात. समजायला उत्तम असतात. पण दुसऱ्याला न्यूमेरिकल सोडवताना बघितलं की आपल्यालाही येतं असं वाटायला लागतं. ही वाचण्यातलीच फसगत आहे, फक्त पडद्यावरची. व्हिडिओ थांबवा, पुढची पायरी स्वतः वहीत लिहा, मग सुरू करा. अर्ध्या तासाच्या व्हिडिओला सव्वा तास लागेल. लागू दे.

"ग" : सूत्र पाठ आहे, उत्तर चुकतं

फिजिकल केमिस्ट्रीत सूत्र न आठवल्यानं जाणारे गुण थोडे. जास्त गुण जातात ते चुकीचा आकडा चुकीच्या जागी ठेवल्यानं, आणि उत्तर आल्यावर त्याच्याकडे वळूनही न बघितल्यानं.

एक गणित जवळून बघू. पहिल्या कोटीची अभिक्रिया साठ मिनिटांत ७५ टक्के पूर्ण होते, तर तिचा अर्धायुकाल किती? वर्गातली निम्मी मुलं सूत्र बरोबर लिहितात : के (वेग स्थिरांक) बरोबर २.३०३ भागिले टी (वेळ), गुणिले लॉग ऑफ सुरुवातीची कॉन्संट्रेशन भागिले उरलेली कॉन्संट्रेशन. मग १०० भागिले ७५ घालतात. लॉग येतो ०.१२४९, के येतो साधारण ०.००४८ आणि अर्धायुकाल सुमारे १४४ मिनिटं. खाली दुहेरी रेघ मारून पुढच्या प्रश्नावर.

आता नुसत्या साध्या विचारानं बघा. साठ मिनिटांत पाऊण पदार्थ संपलाय. मग अर्धा संपायला १४४ मिनिटं कशी लागतील? पाऊण पोळी तासाभरात खाल्ली आणि अर्धी खायला अडीच तास लागले, असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. ७५ टक्के संपला म्हणजे उरला २५. सूत्रात उरलेला घालायचा. १०० भागिले २५ म्हणजे ४, लॉग ४ म्हणजे ०.६०२१, के येतो ०.०२३१ प्रति मिनिट आणि अर्धायुकाल ३० मिनिटं. आणि हे सूत्राशिवायही पडताळता येतं. शंभराचे पन्नास व्हायला एक अर्धायुकाल, पन्नासाचे पंचवीस व्हायला दुसरा. साठ मिनिटांत दोन, म्हणजे एकाला तीस. दोन्ही वाटांनी तेच आलं की निर्धास्तपणे पुढे जा.

प्रत्येक न्यूमेरिकलनंतर दहा सेकंदांचा हा प्रश्न विचारा : हे उत्तर शक्य आहे का? पीएचचंच घ्या. ०.०१ मोलर अॅसेटिक अॅसिड, केए (आम्लाचा विघटन स्थिरांक) १.८ गुणिले टेन रेज टू मायनस फाइव्ह. हायड्रोजन आयनांची कॉन्संट्रेशन येते ४.२४ गुणिले टेन रेज टू मायनस फोर. ४.२४ चा लॉग ०.६२७४. इथे पुष्कळ मुलं चार अधिक ०.६२७४ करून ४.६३ लिहितात. खरं उत्तर चार वजा ०.६२७४, म्हणजे ३.३७. टेबल न उघडताही हे कळायला हवं. कॉन्संट्रेशन टेन रेज टू मायनस फोरपेक्षा जास्त आहे, म्हणजे द्रावण पीएच ४ पेक्षा जास्त आम्लधर्मी, म्हणजे पीएच चारच्या खालीच यायला हवा.

लॉग टेबल या एका गोष्टीवर मी मुलांच्या मागे लागते. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. तरी घरी सराव करताना मोबाइलचा कॅल्क्युलेटर शेजारी असतो. सहा महिने कॅल्क्युलेटरनं उत्तरं काढायची आणि परीक्षेच्या दिवशी अँटिलॉगच्या पानावर बोट फिरवत बसायचं, यात वेळही जातो आणि आत्मविश्वासही. आजपासून कॅल्क्युलेटर दुसऱ्या खोलीत. बार आलेल्या लॉगशी मैत्री करा. बार दोन पॉइंट ३६३६ म्हणजे उणे दोन अधिक ०.३६३६, एकूण उणे १.६३६४. बार फक्त पहिल्या आकड्यावर असतो, दशांशानंतरचा भाग धनच राहतो. हे एक वाक्य लॉग टेबलच्या कव्हरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलेलं चालणार नाही, परीक्षेत ती कॉपी धरतील. ते डोक्यातच हवं.

एककांचं एकच उदाहरण पुरे. डेल्टा एच (एन्थाल्पीतला बदल) उणे ११० किलोज्यूल, डेल्टा एस (एन्ट्रॉपीतला बदल) ४० ज्यूल प्रति केल्व्हिन, तापमान ४०० केल्व्हिन. ४०० गुणिले ४० म्हणजे १६,००० ज्यूल, म्हणजे १६ किलोज्यूल. डेल्टा जी (मुक्त ऊर्जेतला बदल) म्हणजे डेल्टा एचमधून हे वजा, उणे १२६ किलोज्यूल. एकक न बघता वजाबाकी केली तर उणे १६,११० येतो. सूत्रात आकडे घालताना प्रत्येकाशेजारी एकक लिहायची सक्ती स्वतःवर करा, ही चूक कायमची बंद होते. वायू स्थिरांक आर कुठला घ्यायचा, ८.३१४ की ०.०८२०६, याचंही उत्तर एककंच देतात. दाब अॅटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये असेल तर ०.०८२०६, ऊर्जा ज्यूलमध्ये असेल तर ८.३१४.

इनऑरगॅनिकची "कारणे द्या"

ही पन्नास वेगवेगळी उत्तरं म्हणून पाठ करू नका. कारणं मोजकीच असतात आणि तीच फिरून फिरून येतात. डी ऑर्बिटल अर्धं किंवा पूर्ण भरलं की स्थैर्य येतं, या एका कारणात क्रोमियम आणि कॉपरची इलेक्ट्रॉन रचनाही बसते आणि मँगनीज प्लस टू स्थिर का, हेही बसतं. डी ऑर्बिटलमध्ये जोडी नसलेला इलेक्ट्रॉन नसेल तर रंग नाही, म्हणून झिंकचे क्षार पांढरे आणि कॉपर प्लस टू निळा. ऑक्सिजन आणि फ्लोरिन आकारानं लहान आणि इलेक्ट्रोनेगेटिव्ह, म्हणून हायड्रोजन बंध, म्हणून पाणी द्रव आणि हायड्रोजन सल्फाइड वायू. लँथनॉइड आकुंचनामुळे (लँथनॉइड मूलद्रव्यांच्या रांगेत आकार हळूहळू घटत जातो) झिर्कोनियम आणि हाफ्नियमचा आकार जवळपास सारखा. वहीच्या एका पानावर डावीकडे कारण आणि उजवीकडे त्यातून सुटणारे सगळे प्रश्न, असं मांडून बघा. पान स्वतः तयार करा, मैत्रिणीच्या पानाचा फोटो मागू नका. मांडतानाच निम्मं पाठ होतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण यावर कुणी बोलत नाही आणि मुलं मनातल्या मनात स्वतःला कमी समजतात. दहावीपर्यंत ज्यानं क्षपण, अवक्षेप, संयुजा, उत्प्रेरक हे शब्द वापरून विज्ञानात नव्वदच्या वर गुण काढले, तो अकरावीत रिडक्शन, प्रेसिपिटेट, व्हॅलन्सी, कॅटॅलिस्ट ऐकतो आणि त्याला वाटतं हा नवाच विषय आहे. नवा विषय नाही, बाळांनो. तुम्हाला येतंय ते सगळं कामाचं आहे, फक्त त्याला दुसरं नाव मिळालंय. सोल्यूट म्हणजे द्राव्य, सॉल्व्हेंट म्हणजे द्रावक, सोल्यूशन म्हणजे द्रावण. वहीच्या मागच्या पानांवर शब्दांच्या जोड्या करा, रोज पाच. महिन्याभरात दीडशे होतात आणि धड्यातलं वाक्य दोनदा वाचावं लागत नाही.

काही शब्द मात्र खरोखर फसवतात. स्पॉन्टेनियस म्हणजे झटपट, असं बहुतेकांना वाटतं. केमिस्ट्रीत त्याचा वेगाशी संबंध नाही. आपल्या खोलीच्या तापमानाला हिऱ्याचं ग्रॅफाइट होणं स्पॉन्टेनियस आहे, तरी आजीच्या अंगठीतल्या हिऱ्याला काही होत नाही, कारण वेग नगण्य. होईल की नाही हे थर्मोडायनॅमिक्स सांगतं, किती वेगानं होईल ते कायनेटिक्स. रिडक्शनचाही असाच गोंधळ. इलेक्ट्रॉन मिळतो तर मग "रिड्यूस" कसं? ऑक्सिडेशन नंबर बघा. प्रॅक्टिकलला परमँगनेटचं टायट्रेशन करता तेव्हा मँगनीज प्लस सातवरून प्लस दोनवर उतरतं. कमी झाला तो नंबर. ब्युरेटमधला तो जांभळा थेंब फ्लास्कमध्ये पडून बेरंग होतो ना, तेच हे रिडक्शन, डोळ्यांसमोर. प्रॅक्टिकलचे ३० गुण आहेतच, पण त्या दोन तासांत जे बघता ते थिअरीला आयुष्यभर पुरतं. जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवायच्या नादात ते बघायचं राहू देऊ नका.

उत्तरं इंग्रजीत लिहायची आहेत म्हणून समजणंही इंग्रजीतच व्हायला हवं, असं नाही. मराठीत स्वतःला समजावून सांगा, मोठ्यानं. मग तीन छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा. व्याकरणाचे गुण इथे नाहीत. योग्य शब्द, समीकरण आणि एकक यांचे आहेत.

"स" कमी असतात, पण हट्टी असतात

न समजलेली गोष्ट कोऱ्या कागदावर कितीही वेळा लिहिली तरी समजत नाही. बहुतेक वेळा अडचण त्या धड्यात नसतेच, एक पायरी मागे असते. इलेक्ट्रोकेमिस्ट्री कळत नाही म्हणणाऱ्या मुलाला ऑक्सिडेशन नंबर काढता येत नसतो. सोल्यूशन्स अडतं त्याला मोलची कल्पनाच पक्की नसते. अकरावीचं पुस्तक काढा आणि तो एकच भाग बघा, लाज कसली. आणि शिक्षकांना विचारताना "मॅडम, धडा कळला नाही" असं म्हणू नका. कोणत्या ओळीपर्यंत कळलं ते दाखवा. पाच मिनिटांचं काम असतं.

"प्र" आणि "वे" : पेपर तीन तासांचा

पेपर कसा असतो ते मनात पक्कं असू द्या. विभाग अ मध्ये दहा बहुपर्यायी आणि आठ एका गुणाचे प्रश्न. मग दोन गुणांच्या बारापैकी कोणतेही आठ, तीन गुणांच्या बारापैकी आठ, चार गुणांच्या पाचपैकी तीन. १८० मिनिटं आणि ७० गुण, म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटं. तीन गुणांच्या प्रश्नावर साडेसात मिनिटं झाली की तिथे जागा सोडून पुढे जायचं, जीव कितीही अडकला तरी. बहुपर्यायीत नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण नाहीत, दोन्ही लिहावं लागतं, आणि पहिलं उत्तरच धरतात. खाडाखोड करून काही मिळत नाही, म्हणून रफ काम आधी.

"प्र" चे चार गुण वाचवायचे तर प्रश्नातल्या क्रियापदाखाली पेन्सिलीची रेघ मारा. व्याख्या मागितलीय, फरक मागितलाय, की कारण? "समीकरणासह" म्हटलंय का? दोन उपप्रश्न असतील तर दोघांनाही क्रमांक टाका. त्या मुलीचा एक गुण केवळ दुसरा उपप्रश्न पान उलटताना राहिला म्हणून गेला होता.

घरी दर रविवारी एक पूर्ण पेपर तीन तास लावून लिहा. बसून, सलग, लॉग टेबल घेऊन, मोबाइल आईकडे देऊन. अपेक्षित प्रश्नसंच नुसते चाळण्यात पंधरा रविवार घालवण्यापेक्षा असे पाच रविवार जास्त देऊन जातात. आणि प्रत्येक पेपरानंतर पुन्हा समासात आ, स, ग, प्र, वे. दुसऱ्या-तिसऱ्या पेपरात अक्षरं बदलायला लागतात, आणि कुठे सुधारणा होतेय हे तुमचं तुम्हाला दिसतं.

आणि तरीही पाटी कोरी झाली तर

इतकं करूनही परीक्षेच्या दिवशी एखाद्या प्रश्नापाशी पाटी कोरी होऊ शकते. घाबरू नका, ते सगळ्यांना होतं. तेव्हा पेन खाली ठेवू नका. प्रश्नाच्या जागी आठवेल तो पहिला तुकडा लिहा. ऑरगॅनिक असेल तर सुरुवातीच्या संयुगाची रचना काढा आणि तो बाणांचा कागद डोळ्यांसमोर आणा, त्या संयुगाच्या आजूबाजूला काय होतं? न्यूमेरिकल असेल तर दिलेले आकडे एककांसह एकाखाली एक मांडा, पुष्कळदा एककंच सूत्र सुचवतात. सुचलं नाही तरी पायऱ्यांना गुण असतात. कोऱ्या जागेला नसतात. मग समासात एक छोटी फुली, आणि पुढचा प्रश्न. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरंच काहीतरी लिहीत असताना ते अचानक आठवतं. मग फुलीपाशी परत यायचं.

ती मुलगी परवाच्या चाचणीत दोन ठिकाणी फुल्या मारून आली. एकीपाशी परत गेली तेव्हा तिला ४४३ आठवलं होतं. दुसरी तशीच राहिली, आणि घरी गेल्यावर तो विषय तिनं कॅलेंडरच्या गुरुवारच्या चौकटीत लिहिला.